अपोलिनारीचा हमखास पहिला नंबर

किलिमांजारोच्या पायथ्याशी असलेल्या मोशी शहराच्या बसस्टँडमागे, गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या वर, अपोलिनारी मोशाचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात रचलेले तंबू आणि दारावर 'म्रिंगा ट्रेक्स' अशी पाटी. भेटायला गेलात तर अपोलिनारी तिथे सापडेलच याची खात्री नसायची. तो न्हाव्याकडे असायचा, नाहीतर औषधाच्या दुकानात, नाहीतर समोरच्या चपातीवाल्या बाईच्या बाकावर. केस कापायचे नसायचे, औषध नको असायचं, भूकही नसायची. त्याला दुसऱ्याचा फोन हवा असायचा.

"जरा शोध बरं," तो न्हाव्याला म्हणायचा. "'किलिमांजारो चढाई, माचामे वाट.' आणि मी कुठे आहे ते बघ."

न्हावी बिचारा एका हातात वस्तरा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खाली खाली सरकत जायचा. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं वाट बघत बसायचं. शेवटी सहाव्या पानावर, कधी सातव्या, म्रिंगा ट्रेक्सचं नाव यायचं. अपोलिनारी मान हलवायचा आणि तरातरा औषधाच्या दुकानाकडे निघायचा, जणू तिथल्या फोनवर न्याय मिळणार आहे. त्याच्या स्वतःच्या फोनवर म्हणाल तर तो कायम पहिला. दिवसातून पन्नास वेळा आपलीच वेबसाइट उघडणाऱ्या माणसाला फोन दुसरं काय दाखवणार? तो धन्याचं मन राखायचा.

हा माणूस मुळात असा नव्हता, हे सांगायला हवं. अठराव्या वर्षी तो डोंगरावर हमाल म्हणून गेला. डोक्यावर परक्यांचं सामान, पायात थोरल्या भावाचे जुने बूट. मग स्वयंपाक्याचा मदतनीस, मग वाटाड्या. बावीस वर्षं त्यानं लोकांना शिखरावर नेलं आणि जिवंत खाली आणलं. हळू चाला, अजून हळू चाला, हे त्याच्याइतक्या शांतपणे सांगणारा माणूस त्याच्या किबोशो गावात दुसरा नव्हता. डावा गुडघा गेला तेव्हा त्यानं साठवलेले पैसे काढून स्वतःची कंपनी काढली. चार वाटाडे, दोन स्वयंपाकी, आणि हाक मारली की येणारे पंचवीस-तीस हमाल. पहिली काही वर्षं गिऱ्हाइकं तोंडी शिफारशीवर येत राहिली. मग लोक एकमेकांना विचारायचे थांबले आणि फोनला विचारायला लागले, आणि अपोलिनारीच्या पायाखालची जमीन सरकली. ज्यानं पाच हजार आठशे मीटरवर कधी घाई केली नाही, तो मोशीच्या सपाट रस्त्यावर धापा टाकायला लागला.

त्या वर्षी मार्च उजाडला तेव्हा जून-जुलैसाठी एकही गट ठरलेला नव्हता. हा मोसम रिकामा गेला तर कंपनी बंद, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. परवान्याची मुदत संपत होती आणि चारांपैकी दोन वाटाडे डिस्मसच्या कंपनीत चौकशी करून आले होते. डिस्मस म्हणजे बँकेच्या गल्लीतला त्याचा प्रतिस्पर्धी, आणि न्हाव्याच्या फोनवर कायम पहिल्या पानावर. अपोलिनारीला त्याचं नावसुद्धा घशात अडकायचं.

वेबसाइट बनवली होती पुतणीनं, न्देशीनं. ती माचामे गावातल्या शाळेत संगणक शिकवायची. रविवारी चर्चनंतर थोरल्या भावाच्या घरी केळी-मटणाची म्तोरी पीत असताना अपोलिनारीनं तिला नेहमीसारखं धारेवर धरलं. न्देशीनंही नेहमीसारखं शांतपणे सांगितलं की पहिल्या नंबरचं औषध तिच्याकडे नाही. तुम्हाला जे ठाऊक आहे ते लिहून काढू, ती म्हणाली. कुठल्या महिन्यात कुठली वाट चिखलाची, तंबू कसे आहेत, हमालांना किती ओझं देतो, वर डोकं दुखायला लागलं तर काय करतो. जे खरंच येऊन गेले त्यांना दोन ओळी लिहायची विनंती करू. चौकशीला त्याच दिवशी उत्तर देऊ. सहा-आठ महिन्यांत फरक दिसेल.

"सहा महिन्यांत मोसम संपतो, पोरी."

"तीस दिवसांत करून देतो म्हणणारा भेटेल तुम्हाला. भेटला की दार लावून घ्या. कसं करणार ते जो सांगत नाही, हमी देतो, आणि वर किल्ल्या मागतो, तो चोर समजा." मग ती हसली. "काका, शिखराची हमी देणाऱ्या कंपन्यांबद्दल तुम्ही गिऱ्हाइकांना काय सांगता?"

"की लांब राहा. डोंगर कोणाच्या बापाचा नाही."

"मग?"

"मग काय. ते डोंगराचं झालं," असं म्हणून अपोलिनारीनं वाडग्यात तोंड घातलं.

आणि पंधरा दिवसांत तो माणूस भेटला. प्रॉस्पर त्याचं नाव. अरुशाहून आला होता, टोकदार बूट, पातळ लॅपटॉप, बोलणं लोण्यासारखं. त्यानं अपोलिनारीला भाजलेल्या मांसाच्या हॉटेलात जेवायला नेलं आणि पडद्यावर एक रेघ दाखवली जी डावीकडून उजवीकडे नुसती चढत होती. तीस दिवसांत पहिलं पान, लेखी हमी. अपोलिनारीनं विचारलं, करतोस कसं? प्रॉस्पर म्हणाला, ते आमच्या धंद्याचं गुपित. डिस्मससाहेबांनी कधी विचारलं नाही कसं, त्यांनी फक्त निकाल बघितला.

डिस्मसचं नाव निघालं आणि आमच्या माणसाची शुद्ध हरपली. पी हळद आणि हो गोरी, असं औषध जगात नसतं हे त्याला कळत नव्हतं असं नाही. बावीस वर्षं त्यानं घाई करणाऱ्यांना ओकताना पाहिलं होतं. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, त्यात गुडघा आधीच दुखरा. त्यानं सही केली. वेबसाइटचा पासवर्ड दिला, प्रवासी जिथे आपली मतं लिहितात त्या साइटवरच्या खात्याचाही दिला. प्रॉस्परनं सोयीसाठी म्हणून वेबसाइटच्या नावाची मालकीसुद्धा मागितली, पण ते नाव न्देशीनं स्वतःकडे नोंदवलं होतं आणि तिनं फोनवर सरळ नाही म्हटलं. पासवर्ड तुमचा आहे, तुम्ही द्या, ती काकाला म्हणाली, पण मी नाव देणार नाही. अपोलिनारी तिच्यावर चार दिवस रुसून बसला.

एप्रिलच्या शेवटी तो चौथ्या पानावर होता. मेच्या मध्यावर दुसऱ्या. पाऊस कोसळत होता, डोंगर महिनाभर कोणाला दिसला नव्हता, आणि अपोलिनारी छत्री घेऊन न्हाव्याकडून औषधवाल्याकडे, औषधवाल्याकडून चपातीवालीकडे धावत होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवून फोन त्याच्यासमोर धरला. पहिलं पान, डिस्मसच्या वर दोन ओळी. चौकशा यायला लागल्या. दुसरा कोणी असता तर आता स्वस्थ बसला असता. अपोलिनारी आता दर तासाला बघायला लागला की अजून तिथेच आहे ना.

त्या बघण्याच्या नादातच त्यानं एका सकाळी आपल्याबद्दलची मतं वाचायला घेतली. सहा होती, ती आता सत्तेचाळीस झाली होती. समोर चहा होता. पहिली दोन-चार वाचून त्याला बरं वाटलं. मग एका बाईनं लिहिलं होतं की माचामे वाटेवरच्या लाकडी झोपड्या फार उबदार होत्या. माचामे वाटेवर झोपडी नाही. एकसुद्धा नाही, तिथे तंबूतच झोपतात. कोणा एकानं मे महिन्यातल्या निरभ्र आकाशाचं कौतुक केलं होतं. अपोलिनारीनं खिडकीबाहेर पाहिलं, पन्हळ अजून वाहत होती. त्याचा चहा निवला. आणि मग त्यानं वाचलं: 'आमचा वाटाड्या ओफोरो म्हणजे देवमाणूस. मे महिन्यात त्यानं आम्हाला गाणी म्हणत शिखरावर नेलं. ओफोरोशिवाय जाऊ नका.'

ओफोरो तीन वर्षांपूर्वी वारला होता.

अपोलिनारी आणि ओफोरो एकाच दिवशी हमालीला लागले होते. एका ताटात जेवले, एका तंबूत झोपले. कंपनी काढली तेव्हा पहिला वाटाड्या तोच. पोटाच्या दुखण्यानं चार महिन्यांत गेला आणि केळीच्या बागेत, स्वतःच्या घरामागे, त्याला पुरलं. वेबसाइटवर 'आमचे वाटाडे' असं एक पान होतं, त्यावर त्याचा फोटो पहिला. न्देशीनं दोनदा विचारलं होतं, काढू का. पहिल्या वर्षी काढणं बरं दिसलं नसतं, आणि नंतर काढणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पुरणं, असं अपोलिनारीला वाटलं. तो फोटो तसाच राहिला. प्रॉस्परच्या माणसांनी, ज्यांनी डोंगर कदाचित चित्रातही धड पाहिला नव्हता, त्या पानावरून नावं उचलली आणि खोटे प्रवासी त्यांच्यामागे चालवले. शिवाय गाणं ओफोरोला येत नव्हतं. तो चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवायचा.

त्यानं प्रॉस्परला फोन लावला. वारला म्हणताय? प्रॉस्पर म्हणाला. मग उलट बरंच, तक्रार करायला येणार नाही. अपोलिनारी म्हणाला, काढ ते, आत्ता काढ. त्यावर प्रॉस्परच्या बोलण्यातलं लोणी संपलं. एक मत काढलं तर बाकीच्यांवर संशय येतो, तो म्हणाला, आणि काम थांबवलंत तर बाहेरच्या साइटांवरून तुमच्याकडे वळवलेल्या वाटा आम्ही बंद करतो. मग सहावं पान विसरा, साठावं शोधा. आणि म्झे, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं तो वर म्हणाला, पासवर्ड आता आम्ही बदलले आहेत.

अपोलिनारीनं ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. झाकली मूठ. कोण वाचतंय इतकं खाली जाऊन, असं तो स्वतःला दिवसभर सांगत राहिला, आणि दिवसभर तोच ते वाचत राहिला.

वाचणारे होते. तिसऱ्या दिवशी नॉर्वेहून पत्र आलं. टुरीड नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेनं लिहिलं होतं: आम्ही नऊ जण, जुलैत, माचामे वाटेनं सात दिवस. रक्कम मान्य. अट एकच, वाटाड्या ओफोरो हवा.

नऊ जण म्हणजे बत्तीस माणसांचं काम. परवाना, वाटाडे, मोसम, सगळं त्या एका पत्रात होतं. अपोलिनारी ऑफिसभर फिरला, तंबूच्या पिशव्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेल्या, खाली गेला, वर आला. शेवटी त्यानं विल्बार्डला बोलावलं. विल्बार्ड त्याच्या वाटाड्यांतला सगळ्यात तरुण, बडबड्या पण कामाला वाघ. त्यानं पत्र वाचलं, सगळी हकिगत ऐकली आणि डोकं खाजवलं.

"सात दिवसांचाच प्रश्न आहे ना? मी होतो ओफोरो. त्यांना काय कळतंय, आपण सगळे त्यांना सारखेच दिसतो."

"आणि फोटो?"

"आजारानं बारीक झालो म्हणेन. गाणं तर मला त्याच्यापेक्षा बरं येतं."

अपोलिनारी हसला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. ही गोष्ट मी त्याच्या बाजूनं सांगतो आहे, तरी हे लपवणार नाही. त्यानं नॉर्वेला उत्तर पाठवलं: ठीक आहे, ओफोरो येईल.

आता आमच्या किबोशोत एखादी गोष्ट दोन माणसांना माहीत झाली की केळीच्या बागांमधून ती चालत जाते, वर ओफोरोची मुलगी अनेथ शहरात शिकायला आणि तिच्या हातात फोन. दोन दिवसांनी ऑफिसच्या जिन्यावर चपलांचा आवाज आला आणि अनेथची आई दारात उभी राहिली. ओफोरोची बायको. बुधवारच्या बाजारात केळी विकणारी, आवाज न चढवणारी बाई. अपोलिनारीनं खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"अनेथनं वाचून दाखवलं," ती म्हणाली. "मे महिन्यात डोंगरावर गेला होता म्हणे. जुलैत परत जाणार आहे. कुठल्या दिवशी उतरतोय तेवढं सांग, म्हणजे मी उतरायच्या वाटेवर, म्वेकाच्या फाटकाशी जाऊन उभी राहते."

ती दोन क्षण थांबली, खरंच तारखेची वाट बघितल्यासारखी, आणि जिना उतरून गेली.

आमच्यात अशा वेळी एकच रस्ता असतो. कुंपणाला इसालेची झुडपं लावलेली असतात. तिची एक पात तोडायची, गाठ मारायची, एखाद्या वडीलधाऱ्याला बरोबर घ्यायचं आणि ज्याचा अपराध केला त्याच्या अंगणात जाऊन ती पुढे करायची. इसाले आणणाऱ्याला माफी नाकारत नाहीत. नाकारणाऱ्याच्या घराचं बरं होत नाही, असं लहानपणापासून प्रत्येकानं ऐकलेलं असतं. अपोलिनारीनं त्याच्या कंपनीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या हमालाला, सेव्हरिनला, बरोबर घेतलं. सेव्हरिननं केळ्याच्या दारूचा, म्बेगेचा, कॅन उचलला. साठीचा माणूस, पण ओझं दिसलं की हात आपोआप पुढे.

अनेथच्या आईनं अंगण झाडून ठेवलं होतं. मागे, केळींमध्ये, ओफोरोच्या थडग्याचा पांढरा कठडा दिसत होता आणि अपोलिनारी तिकडे न बघता उभा होता. सेव्हरिननं रीतीप्रमाणे चार शब्द सांगितले. अपोलिनारीनं गाठ मारलेली पात दोन्ही हातांनी पुढे केली. तिनं ती लगेच घेतली नाही.

"ते लिहिलेलं काढलंस?"

"नऊ जण यायचे आहेत, वहिनी. बत्तीस माणसांचं काम आहे. ते एवढे येऊन जाऊ देत, मग काढतो."

तिनं पात घेतली. घ्यावीच लागते.

"इसालेला नाही म्हणता येत नाही, हे तुला ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणूनच आणलीस. इथे हमखास मिळणार म्हणून." आणि ती घरात निघून गेली. म्बेगेचा कॅन तसाच अंगणात राहिला, ना तिनं वाटी आणली ना बसा म्हटलं.

परतीच्या वाटेवर सेव्हरिन म्हणाला, माफी मिळाली, आता घरी जा. पण अपोलिनारीचे कान तापले होते. रीतीनं माफी मिळाली होती आणि त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटत होती. ओफोरो असता तर त्यानं शिवी दिली असती, एक सणसणीत, आणि विषय संपला असता. त्या बाईनं शिवी दिली नाही. तो घरी गेला नाही. त्यानं मोटारसायकलवाल्याला थांबवलं आणि थेट माचामेची शाळा गाठली, धुळीनं भरलेल्या कपड्यांनी न्देशीच्या वर्गाच्या दारात उभा राहिला आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाला की बंद कर. सगळं बंद कर.

न्देशीनं मुलांना अभ्यास दिला आणि त्याला शिक्षकांच्या खोलीत बसवलं. प्रॉस्परनं काय केलं होतं ते तिनं त्याला उघडून दाखवलं. दुसऱ्यांच्या साइटांनी तुमच्याकडे बोट दाखवलं की तुम्ही मोठे दिसता, ती म्हणाली, आणि फुकट कोण बोट दाखवणार, म्हणून यानं बोटं विकत घेतली आहेत. कुठून कुठून ते बघा. एक जुगाराची साइट, तीन कर्जवाल्यांच्या, आणि एक टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची. अपोलिनारीनं नकळत डोक्यावरून हात फिरवला आणि न्देशीला हसू आवरेना. मग ती गप्प झाली, कारण काका हसत नव्हते, डोळे पुसत होते.

साइटचं नाव तिच्याकडे होतं, म्हणून साइट तिला प्रॉस्परच्या हातातून सोडवता आली. अर्ध्या तासात म्रिंगा ट्रेक्स उघडायला गेलं की कोरं पान दिसायला लागलं. प्रवाशांच्या मतांच्या साइटला तिनं स्वतःहून कळवलं. असं कळवलं तर काय होतं, हेही तिनं आधी सांगितलं. तसंच झालं: त्यांनी एकेचाळीस मतं काढली आणि म्रिंगाच्या नावापुढे लाल अक्षरांत इशारा लावला, वर्षभरासाठी. प्रॉस्परचे फोन येत राहिले, आधी गोड, मग धमकीचे. न्देशीनं सांगितलं, घेऊ नका, आणि त्यानं एकदाच त्या पोरीचं मुकाट ऐकलं.

नॉर्वेला पत्र लिहिणं त्याला जमेना. चार वेळा खोडलं. शेवटी त्यानं फोन लावला आणि टुरीडबाईंना वाटाड्याच्या इंग्रजीत, जी खरं बोलायला पुरेशी असते, सांगून टाकलं. ओफोरो मेला आहे. तीन वर्षं झाली. तुम्ही जे वाचलंत ते विकत घेतलेलं होतं, आणि ओफोरो येईल हे उत्तर मी लिहिलं, ते माझं खोटं.

टुरीडबाईंनी एवढंच विचारलं की खरी मतं किती.

"सहा," अपोलिनारी म्हणाला. "त्यातल्या एकात सूप थंड होतं असं लिहिलंय. ते थंड होतं."

आणि आम्हाला कोण नेणार होतं, असं त्यांनी विचारलं. विल्बार्ड, तो म्हणाला, तरुण आहे, चांगला आहे, बडबड फार करतो. मी खालच्या दोन मुक्कामांपर्यंत येईन, माझा गुडघा त्याच्या वर येत नाही. टुरीडबाई म्हणाल्या, आम्ही आपसात बोलून कळवतो. ते दोन दिवस अपोलिनारीनं कसे काढले ते न्हाव्याला विचारा. तो रोज जाऊन खुर्चीत बसायचा आणि न्हाव्यानं विचारलं काय करू, तर म्हणायचा, काही नको, बसू दे.

तिसऱ्या दिवशी कळलं. नऊपैकी तीन येणार होते. सहा जणांनी दुसरी कंपनी धरली, आणि दुसरी कोण ते तुमच्या लक्षात आलंच असेल. पुढे एकदा डिस्मस रस्त्यात भेटला तेव्हा अपोलिनारीनं त्याला प्रॉस्परबद्दल विचारलं. डिस्मसला त्याचं नावही माहीत नव्हतं. माझी बायको अकरा वर्षं रोज पत्रांना उत्तरं देते, तो म्हणाला, तेवढंच आमचं गुपित.

तीन गिऱ्हाइकांना अकरा माणसं लागतात. शनिवारी सकाळी बत्तीस जण ऑफिसखाली जमले, काम आहे हे ऐकून आलेले, बूट घासून, पिशव्या शिवून. अपोलिनारी दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. प्रॉस्पर, झोपड्या, ओफोरोचं नाव, विल्बार्डला सोंग द्यायला निघालो होतो तेही. मग अकरा नावं वाचली. नावं न आलेले एकवीस जण लगेच हलले नाहीत. सेव्हरिनचंही नाव त्यात नव्हतं. वय बघून अपोलिनारीनंच ते खोडलं होतं.

"एवढं खरं बोलायचं होतं," सेव्हरिन म्हणाला, "तर मोसम संपल्यावर बोलायचं होतंस."

सगळे हसले. अपोलिनारीही हसला. मग ते पांगले, काही डिस्मसच्या गल्लीकडे, काही घरी. सेव्हरिन घरी गेला. डिस्मस साठीच्या हमालाला घेत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याच दुपारी अपोलिनारी किबोशोला गेला. या वेळी त्याच्या हातात काही नव्हतं आणि बरोबर कोणी नव्हतं. अनेथची आई अंगणात केळी सोलत होती. तो उभ्या उभ्याच म्हणाला की काढलं, वहिनी, सगळं काढलं, आणि अनेथला बघायला सांगा. तिनं मान हलवली, अनेथनं बघितलं होतं. शेजारचं लाकडी स्टूल तिनं पायानं पुढे सरकवलं. तो बसला, गुडघा सरळ करून.

"किती जणांचं काम गेलं?" तिनं विचारलं.

"एकवीस."

"सेव्हरिन?"

"तोही."

ती थोडा वेळ सोलत राहिली.

"माझ्याकडे दुसऱ्याच दिवशी धावत आलास," ती म्हणाली. "त्यांच्याकडे इसाले नेलीस?"

अपोलिनारीच्या ते मनातही आलं नव्हतं. कुंपणाला हिरवीगार इसाले उभी होती, ओफोरोनंच लावलेली, पुरुषभर वाढलेली. तो उठला, कुंपणाशी गेला आणि त्यानं पहिली पात धरली.

"ओरबाडू नकोस," मागून अनेथची आई म्हणाली. "एकवीस काढायच्या आहेत. थांब, सुरी देते."